सामाईक भोपळा

"कायद्याच्या बाबतीत आपल्याशी वाद घालायचं कामच नाही!" असं म्हणून कलमकाकांनी चहाचा कप खाली आपटला आणि काकूंच्या काळजात धस्स झालं. व्हायचंच! मागे असंच म्हणून काका विजेच्या खांबावरून भांडायला गेले होते. भांडण जिंकले, पण रस्त्याच्या कडेला गुमान उभा असलेला खांब येऊन बसला तो थेट यांच्याच खिडकीसमोर!

काका काही वकील नव्हते बरं का. उभं आयुष्य नोंदणी कचेरीत शिक्के मारण्यात गेलं. पण दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारता मारता आपणही अर्धेअधिक वकील झालो, अशी त्यांची पक्की समजूत! दूधवाला उशिरा आला तरी त्याला कलम ऐकवायचे. म्हणून अख्ख्या सोसायटीत नाव पडलं, कलमकाका.

या वेळी भानगड भोपळ्याची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत काकूंनी कुंडीत भोपळ्याचं बी लावलं. वेल असा काही माजला की कठड्यावरून उतरून खालच्या मजल्यावर गेला, आणि तिथे शिंपीणबाईंच्या खिडकीबाहेर त्याला भोपळा धरला. केवढा म्हणता? सोसायटीच्या पाण्याच्या टाकीनं त्याच्याकडे बघून लाजावं! शिंपीणबाई मोठ्या हौशी. भोपळा पडू नये म्हणून त्यांनी उरलेल्या कापडाची झोळी शिवली, तिला झालर लावली आणि खिडकीच्या गजांना बांधून दिली.

आणि काकूंचा तर जीवच अडकला होता त्यात. लेक लग्न होऊन लांब गेलेली. या रविवारी ती येणार होती, आणि फोनवर तिनं बजावून सांगितलं होतं, "आई, या खेपेला तुझा भोपळा घेतल्याशिवाय मी जायची नाही!" तेव्हापासून काकू रोज सकाळी वाकून भोपळ्याची खुशाली विचारत होत्या.

पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त कवायतमास्तर. शाळा सुटली, शिट्टी सुटली नाही! त्यांनी खालून शिट्टी फुंकली आणि ओरडले, "कलमकाका! गॅलरीबाहेर खासगी वस्तू लटकवायची नाही! नियम म्हणजे नियम! शनिवारच्या सभेत विषय घेतोय. रविवारी सकाळी वेल साफ!"

काकूंचा चेहरा उतरला. खालच्या खिडकीतून शिंपीणबाईंनी मान वर केली.

"काकू, कशाला डोक्याला ताप करून घेता? वरून दोरी सोडा. मी तिला झोळी बांधते, कात्रीनं देठ कापते, तुम्ही भोपळा वर ओढून घ्या. कटकट मिटली!"

"हो बाई, आत्ता सोडते," काकू दोरी आणायला वळल्या.

"खबरदार!" काका गरजले. "चोरासारखा ओढून घ्यायचा? म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच की! भोपळा जिथे आहे तिथेच राहील आणि भर सभेत कायद्यानं सुटेल!"

"अहो, मला भोपळा हवाय, निकाल नकोय!"

"दोन्ही देतो!"

"भोपळा हातचा गेला ना," काकू शांतपणे म्हणाल्या, "तर तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. सांगून ठेवते."

शनिवारी पार्किंगमध्ये सभा भरली. एरवी सभेला कोरम जमवताना सेक्रेटरींच्या नाकी नऊ यायचे. त्या दिवशी माणसं खुर्च्या घरून घेऊन आली! सेक्रेटरींनी शिट्टी वाजवून नियम वाचून दाखवला. मग काका उठले. काखेत राज्याच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक, त्यात ठिकठिकाणी घातलेल्या चिठ्ठ्या, आणि चेहऱ्यावर लग्नातल्या मामाचा रुबाब.

"सोसायटीचा नियम मोठा की राज्याचा कायदा मोठा?"

"कायदा," सेक्रेटरी म्हणाले.

"झकास! कायदा सांगतो, कठड्याच्या आतलं ते घरमालकाचं. कठड्याबाहेरची भिंत मात्र सगळ्या सभासदांची सामाईक मालमत्ता. बरोबर?"

"बरोबर."

"मग भोपळा कुठे लटकतोय? कठड्याच्या आत की बाहेर?"

"बाहेर. तेच तर मी..."

"बाहेर ना? सामाईक भिंतीवर ना? मग तो खासगी कसा? आणि खासगी नाही, तर तुमचा नियम त्याला लागूच नाही! उलट सामाईक मालमत्तेला सभेच्या मंजुरीशिवाय हात लावायचा सेक्रेटरीला अधिकारच नाही! बोला!"

सेक्रेटरींच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काका चढले हरभऱ्याच्या झाडावर!

मागच्या रांगेतून काकू ओरडल्या, "अहो!"

काकांना वाटलं, कौतुक करतेय. त्यांनी तिकडे बघून मान लववली.

तेवढ्यात शिंपीणबाईंनी भाबडेपणानं विचारलं, "म्हणजे भोपळा आपल्या सगळ्यांचा?"

"अहो, खाली बसा!" काकू पुन्हा ओरडल्या.

पण काका आता कुणाला ऐकतात! "अर्थात! कायद्यानं सगळ्यांचा!"

सेक्रेटरींनी शिट्टी उचलली, पुसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "मग मी ठराव मांडतो. भोपळा सामाईक, उद्या सकाळी सर्वांसमक्ष वाटप. अनुमोदन कोण देतंय?"

"मी!" काकांनी हात वर केला.

ठराव एकमतानं मंजूर झाला. फक्त काकूंनी हात वर केला नाही, कारण त्यांचे दोन्ही हात कपाळावर होते.

रविवारी सकाळी झोळी खाली उतरली. समान वाटण्या करायच्या असं शिंपीणबाईंचं म्हणणं होतं. पण काकांनाच राहवलं नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"समान कशा? सामाईक मालमत्तेतला हिस्सा घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे ठरतो! मोठं घर, मोठा हिस्सा. कायदा वाचा जरा!"

"वाचला," सेक्रेटरी म्हणाले. ते दोन घरं एक करून राहत होते! त्यांनी शिंपीणबाईंना खूण केली. बाईंनी गळ्यातली टेप काढली, भोपळ्याला कंबर मोजावी तशी गुंडाळली आणि खडूनं खुणा केल्या. सेक्रेटरींच्या वाट्याला आली कलिंगडाएवढी फोड. काका सोसायटीतल्या सगळ्यात लहान घरात राहायचे. त्यांच्या वाट्याला जी आली, तिच्यातून पलीकडची स्कूटर दिसत होती!

नेमकी तेव्हाच लेक फाटकातून आत आली. तिनं भोपळ्यासाठी भलीमोठी पिशवी आणली होती. बाबांच्या हातातली चकती बघून ती म्हणाली, "बाबा, एवढाच? फोनवर तर आई म्हणाली दोघांनी उचलावा लागेल!"

काकांचा आवाज खोल गेला. पोरगी एवढ्या लांबून आली, आणि आपण कायदा शिकवत बसलो! "आपण जिंकलो गं," ते कसेबसे म्हणाले.

तिनं आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती.

ती फोड काका सेक्रेटरींपुढे धरून म्हणाले, "हीसुद्धा घ्या. पण तो वेल तेवढा काढून टाका हो. मला नजरेसमोर नको!"

"छे छे! सामाईक मालमत्ता!" सेक्रेटरी म्हणाले. "मला अधिकारच नाही. शिवाय नवीन भोपळे धरलेत, सगळ्यांनी मोजून ठेवलेत. मात्र कुंडी कठड्याच्या आत आहे बरं. म्हणजे ती तुमची खासगी. खतपाणी तुमच्याकडे. कायद्यानं!"

टाळ्या पडल्या. शिंपीणबाईंनीसुद्धा वाजवल्या, मग जीभ चावली.

काकूंनी लेकीच्या हातातली रिकामी पिशवी घेतली, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग, वेलाला आज पाणी घालायचं राहिलंय."

"बाबा, आई म्हणते..."

"ऐकलं," काका म्हणाले आणि मुकाट्यानं जिन्याकडे निघाले. पुस्तक काखेत होतं, पण उपयोग शून्य. निकाल त्यांच्याच बाजूनं लागला होता, त्यामुळे अपील करायचीसुद्धा सोय उरली नव्हती!