अनसूयेचा उपास

मासे ओळखण्यात आपला हात धरणारा अख्ख्या माधव नगरात कोणी नाही! हसू नका. बँकेत जन्मभर चेकवरच्या सह्या तपासल्या मी. खोटी सही लांबूनच ओळखायचो. मग घरातले दोन मासे म्हणजे काय मोठंसं?

मासे माझ्या बायकोचे, अलकाचे. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. उज्जैन कुठे, समुद्र कुठे, आणि हिच्या डोक्यात कायम आशियाच्या किनाऱ्यांवरचे कार्डिनल मासे! जाती शेकडो, बऱ्याचशा बोटाएवढ्या आणि पट्ट्यापट्ट्यांच्या. "आधी पट्टे मोजा, शेपटीजवळचा ठिपका बघा, मग बोला," असं मला दटावायची. त्यातलीच एक जोडी तिने हॉलमधल्या टाकीत, मोजून मीठ घातलेल्या पाण्यात पाळली होती. नराचं नाव गोपाळ, मादीचं अनसूया. अनसूया तिची फार लाडकी.

चैत्रात अलका गेली. दवाखान्यात म्हणाली, "माशांकडे बघाल ना?" मी म्हटलं, "बघेन." आमचं शेवटचं बोलणं तेवढंच झालं.

आणि श्रावणात अनसूयेने खाणं सोडलं! तोंड फुगवून कोपऱ्यात बसायची. गोपाळ मात्र दोघांच्या वाटचं खाऊन तुकतुकीत झाला होता. कोडगा लेकाचा!

शेजारच्या सुहासने काचेला डोळा लावून निदान केलं, "श्रीधरभाई, ये तो गम में है! वहिनी गेल्या, ते हिने मनाला लावून घेतलंय."

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. तेरावं झालं आणि माणसं आपापल्या कामाला लागली. मुलगी देवश्री कोचीला नोकरीवर गेली. ती फोनवर आईचं नाव काढायची नाही, मीही काढायचो नाही. आणि इथे घरात अलकासाठी झुरणारं आणखी कोणी होतं! ती जेवत नाही तर मी कसा जेवू? सुहासच्या बायकोचा, मीनावहिनींचा डबा मी तसाच परत पाठवू लागलो. डबा का परत येतो, हे वहिनींनी सुहासला विचारलं. सुहासला विचारलं म्हणजे गावालाच विचारलं!

सोमवारी महाकालची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, बघून गल्लीतल्या बायका परस्पर आमच्या हॉलमध्ये!

"मौन आणि उपास, दोन्ही? भोलेनाथची भक्त आहे हो!"

"गेल्या जन्मीचं नातं असणार अलकाताईंशी!"

एकीने उदबत्ती लावली. दुसरीने टाकीच्या नळीला झेंडूची माळ गुंडाळली. मीनावहिनींनी तर खण-नारळच आणला.

"भाऊजी, सवाष्ण आहे ना?"

"आहे ना! नवरा बघा कसा चरतोय!"

वहिनींनी काचेला कुंकू लावून अनसूयेची ओटी भरली. तेवढ्यात कोणीतरी भक्तिभावाने पाण्यात पेढा सोडला. पेढा! बघता बघता पाणी दुधाळ झालं आणि मासे दिसेनात. एवढं एकच काम सांगून गेली होती ती!

"बाजूला व्हा सगळ्या!" मी ओरडलो. तोच फोन वाजला. देवश्री. कोणीतरी मोबाइलवर लाइव्ह सोडलेला व्हिडिओ पार कोचीला पोचला होता.

"बाबा, काय चाललंय हे? आधी पेढा काढा! आईच्या ड्रममधलं मिठाचं पाणी घ्या आणि अर्धं पाणी बदला!"

मी झाऱ्याने पेढा काढला, सुहासने बादल्या वाहिल्या. पाणी निवळलं. दोघेही जिवंत! देवश्रीने व्हिडिओ चालू करून फोन काचेजवळ धरायला लावला.

"बाबा, हा उपास करणारा गोपाळ आहे."

"शक्य नाही! मी जन्मभर सह्या..."

"जबडा बघा त्याचा. तोंडात अंडी आहेत. या माशांत बापच अंडी तोंडात सांभाळतो. पिल्लं सुटेपर्यंत काही खात नाही. आईनेच दाखवलं होतं मला."

सगळ्या बायका काचेवर वाकल्या.

"म्हणजे मी बाप्याची ओटी भरली?" मीनावहिनी किंचाळल्या.

सगळे पोट धरून हसले. देवश्रीही हसली. मला हसू येईना. त्याला कसलं आलंय दुःख! तो पोरं सांभाळत होता. अलकासाठी झुरत होतो तो मी एकटाच.

"आणि भाऊजीही जेवत नाहीत गं!" वहिनींनी चुगली केली.

"बाबा? त्याचं कळलं. तुमचं काय?"

काहीतरी ठणकावून सांगायला मी तोंड उघडलं आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो. फोनमधून देवश्रीचंही रडणं ऐकू येत होतं. "मला वाटायचं, आईचं नाव काढलं तर तुम्हाला त्रास होईल," ती म्हणाली. मलाही तिच्याबद्दल तेच वाटायचं.

मंडळी पांगली. वहिनींनी वरणभाताचं ताट समोर ठेवलं आणि मी जेवेपर्यंत हलायचं नाही असं ठरवून बसल्या. पहिला घास घेतला तर टाकीतून खरी अनसूया, जिला मी इतके दिवस कोडगा म्हणून शिव्या घातल्या ती, काचेला तोंड लावून माझ्या ताटाकडे बघत होती.

मी हळूच तिची माफी मागितली. बिचारीला नुसती भूक लागत होती. मलाही लागली होती.