कुलूपबुवांची खोली

कुलूपबुवांनी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मीटिंग रूमची किल्ली मागितली. डेमो होता अकराला आणि तोही अर्ध्या तासाचा. पण बस असो की थिएटर, रुमाल टाकून जागा धरल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. शिवाय अख्ख्या ऑफिसात मोठा पडदा असलेली खोली एकच.

"इतक्या लवकर?" किल्ल्यांच्या वहीत नोंद करत शिपाईकाकांनी विचारलं.

"काका, दोन वर्षांच्या मेहनतीचा आज निकाल आहे. मॅडम दुपारपासून महिनाभर रजेवर. आज त्यांनी हो म्हटलं नाही, तर टूल बंद आणि मी परत रजेचे अर्ज सांभाळायला!"

"पण ते टूल करतं काय?"

कुलूपबुवांना एवढंच हवं होतं. "एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी बरीच कामं चालतात. सामाईक माहितीला दोघांनी एकदम हात लावला की घोळ. म्हणून एकानं कुलूप लावायचं, काम उरकायचं, कुलूप सोडायचं. पण काही महाभाग कुलूप धरून भलतीच कामं करत बसतात आणि बाकीचे रांगेत ताटकळतात. असले महाभाग माझं टूल आपोआप हुडकून काढतं."

"छान," काका म्हणाले आणि त्यांनी किल्ली दिली.

बुवांनी दारावर 'महत्त्वाची मीटिंग चालू. दार वाजवू नये' अशी पाटी लावली, आतून कडी घातली, फोन बंद केला आणि कानाला हेडफोन लावून स्वतःचंच भाषण ऐकत तालीम सुरू केली. पहिली तालीम झकास झाली, म्हणून दुसरी केली. तिसरीत त्यांना स्वतःच्याच विनोदावर हसू आलं.

दहा वाजता मॅडम तीन पाहुण्यांना घेऊन आल्या. पाहुण्यांचं काम आटपून मग डेमोला बसायचं, असा त्यांचा बेत होता. पाटी वाचून सगळे सभ्यपणे थांबले. सव्वादहाला काकांनी दार वाजवलं. साडेदहाला बडवलं. एक पाहुणे तोवर पाण्याच्या उपड्या पिंपावर टेकले होते.

अकरा वाजले तरी मॅडम येईनात, तेव्हा आत, कानावरचे हेडफोन न काढताच, बुवांचा पारा चढला. "लोकांना वेळेची किंमतच नाही!" बाहेर जाऊन बघावं, तर तेवढ्यात खोलीत दुसरंच कोणी घुसायचं. मॅडम आल्याशिवाय बुवा खोली सोडेनात आणि खोली मिळाल्याशिवाय मॅडम मोकळ्या होईनात.

साडेअकराला बुवांचं पेन खाली पडलं. उचलायला वाकले, तर दाराच्या फटीतून सरकवलेल्या सात चिठ्ठ्या. सगळ्यांवर एकच मजकूर: 'मॅडम बाहेर उभ्या आहेत. काका.'

बुवांनी धावत जाऊन दार उघडलं.

"पाहुण्यांना आत बसवा, चहा द्या," मॅडम काकांना म्हणाल्या. मग बुवांकडे वळल्या. "तुमच्या डेमोला आता वेळ नाही."

"मॅडम, सात मिनिटं! फक्त सात!"

"पाहुण्यांचा चहा होईपर्यंत. आणि इथंच."

काकांच्या टेबलावर, पेनस्टँड बाजूला सारून लॅपटॉपवरच डेमो झाला. विनोद गाळावा लागला. टूलनं चुटकीसरशी अकरा महाभाग पकडले आणि स्क्रीनभर लाल आकडे उमटले.

"पकडलं हे खरं," मॅडम म्हणाल्या, "पण ह्यातून माझ्यासारखीला काय कळणार? तुम्हाला रजेचे अर्जच बरे."

बुवांचा चेहरा पडला. तेवढ्यात काकांनी वही पुढे केली. "मॅडम, किल्ली परत आली. सही."

मॅडमनी वाचलं. 'किल्ली घेतली ८.१०. सोडली ११.३०. खरं काम सात मिनिटं, तेही माझ्या टेबलावर झालं. बाहेर ताटकळले चार.'

सकाळपासून पहिल्यांदा मॅडम हसल्या. "टूलचा रिपोर्ट असा हवा! हे काम काकांना विचारून करा. मंजूर."

बुवांना काकांना मिठी मारावीशी वाटली.

"आणि नमुना म्हणून पहिली नोंद हीच ठेवायची," जाता जाता मॅडम म्हणाल्या.

ती ठेवली गेली. आज ते टूल कोणीही उघडलं, की सर्वांत आधी कुलूपबुवाच सापडतात.

दुसऱ्या दिवशी बुवा आठ वाजताच काकांच्या टेबलाशी हजर. "काका, दहा वाजता खोली हवी होती. किल्ली देता?"

काकांनी वहीतून डोकंही वर काढलं नाही.

"दहाला या."