चौथ्या मजल्यावरचं बीपी

बीपीचं मशीन कुणाच्या घरी ठेवायचं, यावर इमारतीत फारसा वाद झाला नाही. आरोग्य केंद्राने सगळ्या म्हाताऱ्यांना मिळून ते एकच दिलं होतं आणि केव्हाही गेलं तरी घरात हमखास सापडणार अशा एकट्या चौथ्या मजल्यावरच्या काकू. गुडघे गेलेले, लिफ्ट त्याच्याही आधी गेलेली. बाई जाणार कुठे?

मग रोज सकाळी तळमजल्यावरचे मास्तर, पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, झाडून सगळे जिने चढू लागले. धापा टाकत दंड पुढे करायचा, काकूंनी पट्टा आवळायचा, आकडा आपोआप केंद्रात पोचायचा. नंतर तासभर गप्पा. इतकी वर्षं भिंतींशी बोलून कंटाळलेल्या काकू पार खुलल्या.

केंद्रात मात्र घबराट. इतकी बिघडलेली इमारत अख्ख्या गावात दुसरी नव्हती. मास्तरांचं मीठ तोडलं, शिंपीणबाईंना चिडायला बंदी केली. तरी आकडे चढेच. ठणठणीत काय त्या फक्त काकू.

शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. वर पोचेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

"द्या दंड," काकू म्हणाल्या.

आकडा बघून डॉक्टरीणबाई चपापल्या. "माझं बीपी? शक्यच नाही."

"बसा हो जरा. पाणी घ्या, चार गप्पा मारू, मग परत बघू."

गप्पा झाल्या, आकडा उतरला. डॉक्टरीणबाईंनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे.

"काकू, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं," काकू नजर चुकवत म्हणाल्या. "पण बोलले असते तर मशीन खाली गेलं असतं. मग वर कोण मरायला येतंय?"

मशीन मास्तरांकडे गेलंच. आठवडाभरात इमारत धडधाकट झाली आणि मास्तर परत मीठ मागून घेऊ लागले. वर कुणी फिरकेना. तेवढ्यात केंद्रातली नर्स काकूंचं बीपी घ्यायला मशीन घेऊन वर गेली, आणि आकडा असा चढला की तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मशीन परत काकूंकडे आलं. सोबत डॉक्टरीणबाईंची सक्त सूचना: वर आल्यावर आधी अर्धा तास गप्पा, मगच मोजणी.

"अर्धा तास?" मास्तर दारातच धापा टाकत म्हणाले.

"तेच म्हणते मी," काकू खुर्ची पुढे सरकवत म्हणाल्या, "अर्ध्या तासात काय होतंय? बसा."