खिंडीतली खुर्ची

या डोंगरातला सायकलसाठी सर्वांत शांत रस्ता मी शोधून काढला आहे! अंदाजाने नव्हे, मोजमाप करून. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी 'मला वाटतं' असं म्हणत नाही. ती आकडा सांगते.

आकडा हवा होता माझ्या आत्याला. तिचं सायकल-सहलींचं छोटं दुकान आहे. पुढे दुरुस्ती, मागे कचेरी आणि मधे छताला टांगलेल्या चाकांचं असं जंगल, की चहाचा कप घेऊन जाताना कमरेत वाकावं लागतं. मी तिथे तात्पुरती होते. पहिली सहल नीट पार पडली तर कायम. नाहीतर बाबांच्या मित्राच्या शिकवणीत नापास मुलांना घर्षण शिकवायला जायचं, असं घरात ठरलं होतं. घर्षणाशी माझं वैर नाही. पण त्या काकांचे विनोद मी एकदा ऐकले आहेत.

पहिल्या सहलीला येणार होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्यांच्या पाच मैत्रिणी. बाईंनी फोनवरच दम भरला होता, "आयुष्यभर शाळेतला गोंगाट ऐकला मी. एक जरी हॉर्न कानावर आला, तर सायकल वळवीन आणि थेट घरी जाईन. आणि या पाचजणी माझ्या मागून येतात!"

"बाई खूश झाल्या तर ओळखीतल्या सगळ्यांना पाठवतील," आत्या म्हणाली. "नाही झाल्या, तर जन्मभर पंक्चर काढत बसू. रस्ता शोध!"

वर खिंडीत रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक नवा, रुंद हायवे. दुसरा जुना घाटरस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं, खाली दरी. दोन्ही उतरतात गावातच. मी फाट्यावर ठाण मांडलं. घडीची खुर्ची, तिवईवर कॅमेरा, मांडीवर कागद लावलेली फळी. गळ्यात शिट्टी आणि अंगात झगझगीत पिवळं जॅकेट, ही आत्याची अट.

"कुणी अंगावर गाडी घातली तर तुझ्या बाबांना काय तोंड दाखवू मी?"

तीन दिवस मी मोजत बसले. निकाल पाहून मीच थक्क झाले! गाड्या येत, जुन्या रस्त्याच्या तोंडाशी जरा थबकत आणि गुमान हायवेला लागत. जुन्या रस्त्याने गेलं काय, तर एक बाळाची ढकलगाडी आणि उताराला लागलेलं एक रिकामं पिंप. पिंपाला वाहन धरावं का, यावर मी बराच विचार केला आणि धरलं.

डोंगरातली माणसं आदबशीर किती! एका ट्रकवाल्याने तर मला चक्क सलाम ठोकला. मीही हसून हात केला, तर बिचाऱ्याने घाबरून ट्रक आणखी हळू केला. लाजाळू असेल, असं मी मनात म्हटलं.

"शून्य!" मी दुकानात जाहीर केलं. "ढकलगाडी आणि पिंप सोडलं तर शून्य."

"नक्की?" आत्याने विचारलं.

"आत्या, हे विज्ञान आहे!"

सहलीच्या सकाळी आम्ही आठजणी खिंडीतून निघालो. मोजणी संपलेली, त्यामुळे खुर्ची दुकानात आणि जॅकेट पिशवीच्या तळाशी. जुना रस्ता असा गप्प होता की चेनची कुरकुर ऐकू यावी. बाई पुढे, मान ताठ, जणू शाळेची तपासणी चालली आहे. "बरा आहे," त्या म्हणाल्या. आत्याने माझ्याकडे पाहून डोळा मारला. मी मनातल्या मनात कायम झाले!

इतक्यात मागून भोंगा वाजला.

भोंगा कसला, हत्तीला उचकी लागावी तसा आवाज! खडीने काठोकाठ भरलेला ट्रक आमच्या शेजारून गेला. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा, त्याच्या चालकाने गाणी जोरात लावलेली. धुळीने सगळ्याजणी एका रंगाच्या झाल्या. कोण आत्या आणि कोण बाई, हे फक्त नजरेतल्या रागावरून ओळखायचं!

"शून्य का गं?" आत्या दात आवळून म्हणाली.

"अपवादात्मक नोंद असेल..."

चौथी अपवादात्मक नोंद हॉर्न वाजवतच आली.

बाईंनी चष्मा पुसला. "मुली, शाळेत अशा उत्तराला मी भोपळा देत असे." आणि सायकल वळवली. पाचही मैत्रिणींनी सायकली वळवल्या. मला समोर नापास मुलं दिसू लागली.

"आधी ते जॅकेट घाल आणि मागे वळणावर उभी राहा," आत्या ओरडली, "नाहीतर यांना घरी पोचवायलाही कुणी उरायचं नाही!"

मी धावत वळणावर गेले आणि जॅकेट चढवलं. पुढचा ट्रक वळला, मला पाहिलं आणि असा करकचून ब्रेक मारला की झाडावरचे पक्षी उडाले. चालक खाली उतरला, हात जोडूनच.

"चुकलं मॅडम! खिंडीत आज तुमची खुर्ची दिसली नाही, म्हणून आलो इकडून. हायवेवरचा वजनकाटा चुकवायला सगळे इकडूनच जातो आम्ही. रोजचाच रस्ता आहे. तुम्ही तीन दिवस बसलात, तेव्हा गेलो की नाही हायवेने? गेलो की नाही? जास्तीची खडी इथेच ओतू का?"

मी म्हटलं, "नको, नको. मागे घ्या."

त्याने खिंडीपर्यंत ट्रक मागे घेतला. मागच्यांनीही घेतले. भोंगे थांबले, धूळ बसली. कुठेतरी पाण्याचा आवाज येऊ लागला.

बाईंनी कान दिला. बराच वेळ दिला. मग सायकल पुन्हा वळवली. "आता कसं! हिला इथून हलवू नका."

आत्याने मला हलवलं, पण खिंडीपर्यंतच. मी सहल संपेपर्यंत फाट्यावर उभी राहिले. बाई खूश झाल्या. ओळखीतल्या सगळ्या आल्या. आणि मी कायम झाले! दर रविवारी, पिवळ्या जॅकेटमध्ये, त्याच खुर्चीत.

ज्याचं निरीक्षण करावं तेच निरीक्षणाने बदलतं, हे मी परीक्षेत उदाहरणासह लिहिलं होतं. आत्या सहलीच्या जाहिरातीत त्याला 'खात्रीची शांतता' म्हणते. तो रस्ता खाली फार सुंदर आहे म्हणे. मी अजून पूर्ण पाहिलेला नाही. मी गेले, तर तो तसा राहत नाही ना!

गेल्या रविवारी तर खऱ्या पोलिसांची जीप आली. फाट्यावर थबकली. आतल्या साहेबांनी मला पाहिलं, घाईघाईने सीटबेल्ट लावला आणि सलाम ठोकला.

मीही मोठ्या मनाने त्यांना जाऊ दिलं!