झिजलेली बाजू वर

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. ठरलेली रक्कम बावीस हजार, राडारोडा उचलण्यासकट. हजर होतो मी, आमची सौ., गवंडी दिनेश आणि न बोलावता आलेले दत्तूमामा. घरातली जुनी शहाबादी फरशी काढून टाइल्स बसवायच्या होत्या, कारण तीन खोल्या पर्यटकांना द्यायच्या होत्या. नागावात हल्ली सगळेच देतात.

मामा शेजारच्या वाडीत एकटेच राहतात. नात्याने ते कुणाचेच मामा नाहीत. कुणाच्याही घरी गेले की चपला काढतात, डोळे मिटून उजव्या पायाचा तळवा फरशीवर फिरवतात आणि मग मत देतात. एसटीत ड्रायव्हर होते. "गाडी हातानं न्हाय चालत, पायानं चालते," म्हणतात. त्यामुळे कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर असतं, "पायाला विचार." समोरच्या बंगल्यातला नवा चकचकीत हॉल त्यांनी दारातूनच नापास केला होता. "ही जमीन न्हाय, ताट हाय. चालायचं का चाटायचं?"

दिनेश म्हणाला, "ब्रेकर लावतो. दोन दिवसांत मोकळं."

"दिन्या, तुझ्या आज्यानं बसवलीय ही. तू फोडणार?"

"आज्यानं बसवली, म्हणून तर निघत न्हाय मामा."

मामा थोडे नमले. "ओटी फोड, माजघर फोड. सैपाकघराची मात्र अख्खी काढ. मला पाहिजे."

पहारीने हळूहळू काढायची तर सहा हजार जास्त आणि चार दिवस जास्त. नाताळचं पहिलं बुकिंग मी घेऊन बसलो होतो. मी मामांना हिशोब मांडून दाखवला, की या दगडाला भंगारात दोन हजारसुद्धा येणार नाहीत.

"वरचे पैसे मी देतो."

"व्यवहार तोट्याचा आहे, मामा."

"पायाला विचार."

"माझ्या पायाला हिशोब येत नाही."

"म्हणून तर त्याला विचारायचं."

सौ.ने माझ्याकडे असं पाहिलं, की ब्रेकर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थांबला.

मामा रोज उलट्या बादलीवर बसून देखरेख करायचे. पहार कोपऱ्याखाली शिरली की श्वास धरायचे. एक फरशी तडकली, तर त्या दिवशी चहा घेतला नाही. बाकीच्या गोणपाटात गुंडाळून, हातगाडीवरून, वरातीच्या वेगाने त्यांच्या वाडीत गेल्या.

त्या बसवायच्या दिवशी मीही गेलो. विहिरीपासून घरापर्यंत, सुपारीच्या झाडांमधून, जुन्या फरशांची वाट होती. शेवटचा तुकडा तेवढा बाकी होता.

"उलटी टाकतो, मामा," दिनेश म्हणाला. "खालची बाजू कोरी हाय. नवी दिसंल."

"कोरी काय करायची मला? झिजलेली बाजू वर."

मग त्यांनी मला चपला काढायला लावल्या आणि स्वतः डोळे मिटून पुढे चालू लागले. "हे काकूंचं माजघर. ही भिकूची ओटी. ही शाळामास्तरांची पडवी." सगळी आता पर्यटकांची घरं.

"पूर्वी कुठंही मागल्या दारानं शिरायचो," मामा म्हणाले. "हल्ली बेल वाजवली की आतून सांगतात, गेस्ट हायेत, नंतर या. लोकांचाही धंदा हाय. म्हटलं, सकाळची फेरी हितंच मारू."

आमची फरशी बसली. आमच्या चुलीजवळ असायचा त्या दगडाला उथळ खळगा आहे. मामांनी पाय बरोबर त्याच्या अलीकडे ठेवला, खळग्यात नाही.

"हितं तुझी आई उभी राहायची. पहाटेच्या गाडीला माझा डबा भरून द्यायची. भाकरी गरम असायची. मी सांगितलेलं न्हवतं कधी."

मी वाकून फरशीवरचं सिमेंट पुसलं.

दिनेशला एकूण अठ्ठावीस हजार दिले. मामा आपले सहा हजार घेऊन आले. मी घेईना, ते परत नेईनात. शेवटी ते सौ.ने घेतले आणि सांगितलं, की हे तुमच्या सकाळच्या चहाचे आगाऊ. गेस्ट असोत नसोत, रोज येऊन फेडून घ्यायचे, मागल्या दारानं.