होडी नसलेलं गाव

आमचे घरमालक धर्माकाका कोथिंबीर आणायला निघाले, तरी आधी अंगणात उभे राहून वारा बघतात. तोंड वर, डोळे बारीक, एक कान समुद्राकडे. मग "जायाला हरकत नाय" असा निर्णय होतो आणि स्कूटर सोडली जाते. सोडली जाते म्हणजे खरोखरच सोडली जाते, कारण ती दोरीने माडाला बांधलेली असते. चोरांच्या भीतीने नव्हे. "उभी केलेली वस्तू बांधायची," एवढंच काकांचं म्हणणं. "वारं कदी फिरंल सांगता येत नाय."

काका तांडेल आहेत. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं आणि कधी मुकाट्याने मागे फिरायचं हे जो ठरवतो तो तांडेल. बोईसरच्या पश्चिमेला आमचा जो कोळीवाडा आहे, तिथे काकांच्या होडीवर जायला पोरं रांग लावतात. मासळी कमी मिळेल, पण गेलेला माणूस घरी येईल, अशी त्यांची ख्याती. वादळात दुसऱ्याची होडी बांधून ओढत आणलेला हा माणूस. मला त्यांचं फार कौतुक आहे. फक्त त्यांच्याबरोबर एसटीने जाऊ नये. ते ड्रायव्हरच्या मागे बसतात आणि पालघर येईपर्यंत "जरा डावीकडं घे, जरा डावीकडं घे" करत राहतात.

मी सांगली जिल्ह्यातल्या जतचा. तारापूरच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो आणि काकांच्या माडीवर भाड्याने राहायला आलो. माझ्या गावाला समुद्र नाही हे कळल्यावर काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त दवाखान्यात पाहिली आहे. "मंग सकाळी उटून बगता काय?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून मी 'जतकर'. माझं आडनाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

काकांच्या पत्नी काशीकाकू. बोलणं कमी, हसणं जास्त, आणि बोंबील वाळवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. काका समुद्रावर निघाले की काकू जेवणाचा डबा घेऊन बंदरावर जातात, डबा हातात देतात आणि डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून उभ्या राहतात. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय.

आता सुट्टीचं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. तेवढेच काकांचे मोकळे दिवस. पण काकांना सुट्टीवर नेणं म्हणजे बोक्याला दुधाच्या डेअरीत राखणीला बसवणं. एकदा हंगाम चालू असताना भाच्याच्या लग्नाला म्हणून दोघं मालवणला गेली होती. किनाऱ्यावर माणसं जाळं ओढताना दिसली आणि काकांनी धोतर खोचलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्यांच्याच होडीवर गेले. किल्ला काकूंनी वऱ्हाडातल्या बायकांबरोबर पाहिला.

मग त्यांच्या मुलीने महाबळेश्वरची टूर काढून दिली. डोंगरावर काय होणार? पण तिथे तलाव होता आणि तलावात वल्हवायच्या होड्या होत्या. नाववाल्याची वल्ही मारायची पद्धत काकांना पटली नाही. त्यांनी ती त्याच्या हातून घेतली आणि संध्याकाळपर्यंत लोकांची बिऱ्हाडं फिरवून आणली. नाववाला बापडा पैसे गोळा करत होता. काकू काठावर कणीस खात बसल्या होत्या.

ही गोष्ट सांगताना काकू स्वतःच हसतात. "मी काय बाबा, काटावरचीच," म्हणतात. मीही हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी काका माडीवर आले. कधी येत नाहीत. खुर्चीवर बसले, खुर्ची हलते का ते पाहिलं आणि म्हणाले, "जतकर, तू कोरड्या मुलकातला. जितं होडीच नाय असं गाव कुटं हाय?"

"आमचं जत," मी म्हणालो.

"चेष्टा नको. तुमच्याकडं तलाव असंल. पानी दिसलं का माजं हात वळवळतात. मला सुट्टीवर जायाचं हाय. काशीला घेऊन."

मी मोबाइलवर लेह दाखवलं. उघडेबोडके डोंगर, वाळू, मधे छोटंसं शहर. वाळवंटच, पण थंड. काकांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला आणि हाक मारून काकूंना वर बोलावलं. काकूंनी एक नजर टाकली. "केवडी जागा!" त्या म्हणाल्या. "बोंबील एका दिसात वाळतील."

झालं, लेह ठरलं. नारळी पुनवेच्या आत परत यायचं, एवढी एकच अट.

पुढची तयारी मोहिमेसारखी झाली. पालघरच्या टूरवाल्या ऑफिसात मी काकांबरोबर गेलो होतो. तिथल्या मुलीने हॉटेलचे फोटो पुढे केले, तर काका म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. तितं वारं कुटलं असतं? गाडीचा तांडेल कोन? आन् हवा बिगडली तर थांबायला आडोसा कुटं?" ती मुलगी हुशार. तिने चहा मागवला आणि सगळी उत्तरं दिली. मग म्हणाली, "काका, तिथे हवा विरळ असते. पोहोचलात की पहिला दिवस नुसतं पडून राहायचं. काही म्हणजे काही करायचं नाही."

काका पहिल्यांदा घाबरलेले मी तेव्हा पाहिले.

"मला जमंल का रं?" परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सराव करा. थट्टेने म्हटलं होतं. दुसऱ्याच दिवशी काका ओटीवर आडवे झाले आणि काकू शेजारी राखणीला बसल्या. तांडेल दिवसाढवळ्या झोपलाय, ही बातमी सगळीकडे पसरली. कुणी शहाळं आणलं, कुणी अंगारा, आणि शेजारची म्हातारी तर रडतच आली. काकांनी सगळ्यांना पडल्या पडल्या "सराव चाललाय" म्हणून सांगितलं, त्यामुळे लोक आणखीनच घाबरले. दुपारी वारा फिरला, काका टुणकन उठून अंगणात आले. काकूंनी त्यांना हाताला धरून परत आणून निजवलं.

जायच्या आधी काकू एकट्याच माडीवर आल्या. दाराशीच उभ्या राहिल्या. "जतकर, खरं सांग. तितं होड्या नायत ना?"

लेहजवळ सिंधू नदी आहे आणि हौशी लोक तिच्यात रबरी होड्या घालतात, हे मी वाचलं होतं. पण काकूंचा चेहरा पाहून मी म्हणालो, "नाहीत काकू. वाळूच वाळू." त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि माझ्या ताटलीत बोंबलाची चटणी ठेवून गेल्या. आता काकांना कुणी त्या होड्यांचं सांगितलं नाही म्हणजे मिळवली, अशी धाकधूक माझ्या मनात राहिली.

निघायच्या दिवशी बोईसर स्टेशनवर मीच पोहोचवायला गेलो. सामानात ताडपत्री होती, दोरखंड होता, सुका जवळा होता. गाडी यायला अवकाश होता. काकू नळावर बाटली भरायला गेल्या, तसे काका माझ्याकडे वाकले.

"तितं नदीत रबरची होडी चालते."

मी आधी नळाकडे पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"त्या टूरवाल्या पोरीनं. मी म्हनलो, आमच्या दिवसांतून ते काडून टाक. आन् तू काशीला कळू देऊ नको तितं होडी हाय म्हनून. नायतर बिचारी जीव मुठीत धरून फिरंल." ते रुळांकडे बघत राहिले. "मी येवडी मानसं घरी आनली रं जतकर. पन हिला कदी कुटं नेलं नाय. काटावर उबी करून गेलो."

गाडी आली. आमच्याकडे ती उभी राहते न राहते तोच सुटते. काकांनी उडी मारून आत जागा धरली, मी खालून बोचकी दिली, त्यांनी ती बाकाखाली कोंबून दोरीने बांधलीसुद्धा. वळून बघतात तर काकू फलाटावरच! जेवणाचा डबा त्यांनी खिडकीतून काकांकडे दिला होता आणि दोन पावलं मागे सरकून, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, नेहमीसारख्या उभ्या होत्या.

शिट्टी झाली.

काका दारात आले. "अगो काशे!" समुद्रावर मारतात तशी हाक होती ती, अख्खा फलाट वळला. "आज तू पन यायचं हाय!"

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे, आणि तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की त्यांना पाऊल टाकता येईना. काकांनी हात खाली सोडला, त्यांचं मनगट धरलं आणि एका झटक्यात वर घेतलं. गाडी हलली तेव्हा दोघं दारात होती. काकू अजून हसत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी हात हलवला. मग डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून गाडीकडे बघत राहिलो. शेवटचा डबा गेला, रूळ रिकामे झाले, तरी मी तिथेच होतो. पोहोचवायला आलेल्या माणसाने किती वेळ उभं राहायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. काकूंना विचारून ठेवायला हवं होतं.