जाळीशिवाय नाई

माझी चूक एवढीच, की मी वासुदेवभाऊला मदत करायला गेलो.

वासुदेवभाऊ नागपूरच्या एका कंपनीच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंग मशिनी विकत असे. विकत असे, हे आपलं माझं. त्याच्यासमोर म्हटलं की तो म्हणे, "विकते ते वांगे. मशीन द्या लागते." मुलगी देतात तशी. हिंगणघाटच्या ज्या जिनमध्ये मी मुनीम होतो तिथे आला, की आधी छप्पर गळतं का पाही, तेलाचा डबा हुंगे, मग मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारी, "संध्याकाळी घेता का काई?" कापूस घालणाऱ्या बायांशी तर विहिणींशी बोलावं तसं बोलत बसे. दिलेली मशीन पाहायला जाताना ग्रीसचा डबा नेई, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून.

असा माणूस विक्रीत टिकतो कसा? टिकत नव्हताच. ऐंशी सालाच्या आसपास साहेबानं त्याला बजावलं, या हंगामात मोठी ऑर्डर आण, नाहीतर घरी बस. ती ऑर्डर आमच्या सेठजींची होती. चहा झाला, सेठजींनी पेनाचं टोपण काढलं, आणि मी शहाणा बोललो, "अन् सेठजी, समोरची जाळी एका मिनिटात निघते. कापूस अडकला का घातला हात, केला साफ."

सेठजी खूश. "मंग जाळी काढूनच पाठवा ना. काम जल्दी होते."

वासुदेवभाऊनं कप खाली ठेवला. "जाळीशिवाय नाई देत."

"अरे, मशीन माही, पैसा माहा. तुले काय करा लागते?"

"बाया बी तुमच्याच हायेत ना?"

"बायाईले समजते हात कुठं घालाचा."

"सकाळी समजते. दुपारनंतर डोळ्यावर झापड येते, तवा नाई समजत." त्यानं बॅग उचलली. जाता जाता मला म्हणाला, "मुनीमजी, तुम्ही कोनाचं लग्न जमवाले नका जात जाऊ."

ऑर्डर गेली, पाठोपाठ नोकरी गेली. त्याला तोंड दाखवायची माझी हिंमत होईना. शेवटी बायकोला सोबत घेऊन त्याच्या घरी, नाचणगावला गेलो. तिच्यासमोर तो फार बोलणार नाही, हा माझा हिशेब.

दार उघडंच होतं. अंगणात खाटेवर वासुदेवभाऊ दातात रिबीन धरून, पुढ्यात बसलेल्या वहिनींची वेणी घालत होता. आम्हाला पाहताच वहिनींनी उजवा हात पदराखाली नेला. पण त्याआधी दिसलाच. अंगठा आणि करंगळी, मधलं काहीच नाही. लग्नाआधी त्या पुलगावला जिनात कापूस घालत, हे मला त्या दिवशी कळलं.

"बसा मुनीमजी," तो रिबीन न सोडता म्हणाला, "एवढी झाली का चहा मांडतो. आता पंपाच्या कंपनीत लागलो. बरं हाय, पंपात कोनी हात घालत नाई."

परतीच्या एसटीत देवळी गेल्यावर बायको म्हणाली, "वेणी पार वाकडी घालते तो मानूस. तुम्ही चहा पीत होते तवा मी वहिनीले म्हटलं, मी घालून देऊ का? तर म्हणे, नको जी, त्याईले वाईट वाटन. सरळच येते म्हणून सांगतलं हाय मी."